मेढीचा पांगारा

लिहून ठेवणार : सुंदरा सोनबा तांबे, वय वर्षे एकोणसाठ, धर्म बौद्ध, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार मौजे खडपी, बौद्धवाडी, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड. (मी नोकरीला लागले तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. जिल्ह्याचं नाव बदललं, माझं बदलायचं राहिलं.)

हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने, माझ्या ओसरीवर बसून, दिवसाउजेडी लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. छातीचा भरवसा नाही असं महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून हा उद्योग आत्ताच उरकते. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. खरं सांगायचं तर फूस लावण्याइतकं जवळ येऊन बसणारं कोणी नाहीच. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या मागे माझी जी काही चीजवस्तू राहील तिची व्यवस्था खाली लिहिल्याप्रमाणे व्हावी अशी माझी इच्छा आहे.

कलम एक : घर

खडपी येथील माझं राहतं घर, दोन खोल्या, ओसरी आणि मागची पडवी, हे माझा भाऊ कैलासवासी कुशाबा याचा मुलगा महादू याला मिळावं. (कैलासवासी हा शब्द आपण आता वापरत नाही हे मला ठाऊक आहे. पण भावाच्या नावाआधी दुसरा शब्द हाताला वळत नाही.) महादू विक्रोळीला कंपनीत कामाला आहे. दर मे महिन्यात येतो, कौलं शाकारून देतो, आणि मला मुंबईला चला म्हणतो. मी नाही म्हणणार हे माहीत असल्यामुळे मनापासून म्हणतो. त्याच्यावर माझा राग नाही. घर त्याचंच आहे.

मात्र घर दिलं म्हणजे अंगणही दिलं असं त्याने धरू नये. अंगणाचं कलम वेगळं आहे. हे सगळं मृत्युपत्र त्या अंगणापायीच लिहावं लागत आहे.

त्याचं कारण इथेच नोंदवते. गेल्या जानेवारीत महादू मुलीला, म्हणजे नीलाला, घेऊन आला. नीलाचं लग्न ठरलं, मुलगा महाडचा, लग्न मे महिन्यात आपल्याच अंगणात करायचं, असं सगळं आनंदाने सांगितलं. मग अंगणातल्या पांगाऱ्याकडे बघून म्हणाला, "आत्या, हे झाड काढून टाकाया पायजे. पोराकडची मानसं विचारत्यात, ह्याच झाडाखालनं वरात परत गेलती ना? पोरीच्या लग्नात खालीपिली टेन्शन नको."

मी म्हटलं, "अरे, आपण शकुन-अपशकुन मानतो का?"

"मी नाय मानत. लोक मानत्यात."

"कुठले लोक?"

त्यावर त्याने चहाची कपबशी खाली ठेवली. "ऱ्हाऊं दे. तुम्ही हाय तवर ऱ्हाऊं दे. मग मी बघतो."

तो प्रेमानेच बोलला. लग्नाचा मांडव मागच्या बाजूला घालू असंही म्हणाला. पण 'मग' म्हणजे कधी ते मला कळलं, आणि तेव्हापासून मला नीट झोप नाही. माझ्यामागे ते झाड तुटू नये, एवढंच मला हवं आहे.

कलम दोन : वस्तू

शिवणयंत्र, प्रेशर कुकर आणि पोस्टातल्या खात्यात जे काही निघेल ते नीलाला द्यावं. रेडिओ महादूने न्यावा. त्याची खुंटी चिमट्याने फिरवावी लागते. तांब्याचा हंडा वाडीतल्या विहाराला द्यावा. हंड्यावर नाव घालू नये. हंडा दिला की आधी नाव घालायची घाई होते आणि पाणी मागाहून भरतात.

पळस, सावर आणि पांगारा यांच्या पानाफुलांचा मी केलेला तक्ता शाळेला द्यावा. तिन्ही झाडं होळीच्या सुमाराला लाल होतात, म्हणून मुलं तिघांनाही एकच नाव देऊन मोकळी होतात. सावरीचं फूल जाड पाकळ्यांचं, पडलं की थपकन आवाज होतो. पळसाचं केशरी, पोपटाच्या चोचीसारखं. पांगाऱ्याचं लालभडक, फांदीच्या अगदी टोकाला झुपक्याने येतं, आणि अंगावर काटे. पांगाऱ्याच्या बिया दगडावर घासून शेजाऱ्याच्या हाताला चटका द्यायचा खेळ मात्र मुलांना शिकवावा लागत नाही. पुस्तकात पांगाऱ्याला मंदार म्हणतात, पारिभद्र म्हणतात. उमरठकडची म्हातारी माणसं नुसतं पांगेरा म्हणतात. परीक्षेत कुठलंही लिहिलं तरी मार्क द्यावेत.

कलम तीन : येसाजी मालुसरे यांचं कुंपण

माझ्या जागेला लागून येसाजी मालुसरे यांचं शेत आहे. पंधराएक वर्षांपूर्वी त्यांनी माझ्या झाडाच्या फांद्या मागून नेल्या आणि त्यांचे खुंट ठोकून कुंपण केलं. पांगाऱ्याची फांदी कुठेही खोचली की जगते. हे खुंट त्यांनी माझ्या हद्दीत हातभर आत ठोकले. मी त्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "बाय, खुंटच हाय तो. काढू की कवातरी." पाऊस झाला, खुंटांना पालवी फुटली, दोन वर्षांत त्यांची झाडं झाली. खुंट उपटता येतो, झाड कोण उपटणार? आता शिमग्याला त्यांचं सगळं कुंपण माझ्या झाडाच्या फुलांनी लाल होतं आणि येणारे-जाणारे येसाजींचं कौतुक करतात.

ती हातभर जमीन मी येसाजींना देत नाही. परतही मागत नाही. आमचं भांडण चालू आहे आणि ते माझ्याबरोबर संपावं. महादूने ते पुढे चालवू नये. त्याला ते जमणारही नाही. भांडण असलं तरी मी आजारी पडले की येसाजींची बायको ठमाबाई पेज आणून देते, हेही इथे लिहिलं पाहिजे.

कलम चार : पांढरा पांगारा

न्हाणीमागे जो लहान पांगारा आहे त्याला पांढरी फुलं येतात. त्याची फांदी मी महाडच्या एका शिक्षिकेकडून आणली. रायगडाच्या पायथ्याला, हिरकणीवाडीच्या वर, बुचासारख्या जाड सालीचा आणखी एक पांगारा मी पाहिला. त्याची फांदीही आणली होती, ती मात्र जगली नाही. पांढरा जगला. तो शाळेचा समजावा. त्याची साल औषधाला म्हणून लोक मागायला येतात. देऊ नये. एकदा दिली तर खोडाला कमरेपर्यंत सोलून नेली, आणि नेणाऱ्याचं पोट काही थांबलं नाही.

कलम पाच : मेढीचा पांगारा

आता मोठं झाड. ते कसं आलं हे लिहिल्याशिवाय ते कोणाला द्यायचं हे लिहिता येत नाही. वकील म्हणाले, एवढं लिहायची गरज नसते. ज्यांना ऐकायला माणसं आहेत त्यांना नसेल.

आमच्या वाडीत पूर्वी लग्नाच्या मांडवाची पहिली मेढ पांगाऱ्याची असे. मांडवाचे बाकी खांब बांबूचे, पण पहिला पांगाऱ्याचा. त्याला हळदीत बुडवलेलं फडकं, आंब्याचा डहाळा, कुंकू. मेढ रोवली की लग्न लागलंच असं समजत. धम्म स्वीकारल्यावर या रिती आम्ही सोडल्या. देव्हाऱ्यातले टाक माझ्या वडिलांनी सावित्रीच्या पात्रात सोडले. ते बरोबर केलं असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. माझी आई, जानकीबाई, नदीवर आली नाही. तिने त्या दिवशी देव्हाऱ्याची फळी धुऊन वाळत टाकली.

मेढीशिवाय आमच्या घरात पहिलं लग्न झालं ते माझ्या धाकट्या बहिणीचं, चंपाचं. मी शिकत होते, मग नोकरीला लागले, म्हणून तिचं आधी झालं. लग्न छान झालं. वर्ष पुरं व्हायच्या आत चंपा बाळंतपणात गेली. ती रक्त जाऊन गेली, वाटेत गाडी नव्हती म्हणून गेली. पण आईने मनाशी दुसरंच धरलं. ती कोणाला काही बोलली नाही.

मग माझं ठरलं. १९५८ सालचा मे महिना. मुलगा श्रीपत कासारे, उमरठच्या बाजूचा, परळला गिरणीत. बघायला आला तेव्हा त्याने मला विचारलं होतं, "शाळेत मारता का पोरांना?" मी म्हटलं, गरज पडली तर. तो हसला. तेवढंच आमचं बोलणं. मला तो आवडला होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही आणि आता सांगायला लाजण्याचं काही कारण उरलं नाही.

लग्नाच्या दिवशी, तांबडं फुटायच्या आधी, आईने मांडवाच्या मागच्या कोपऱ्यातला बांबू काढून त्याजागी पांगाऱ्याची मेढ रोवली. हळदीचं फडकं तिने आतल्या अंगाला बांधलं, म्हणजे दिसायला नको. वरात आली, पाणी दिलं गेलं. श्रीपतचे वडील सोमा कासारे मांडवात फिरता फिरता त्या कोपऱ्याशी थांबले. सोमा कासारे म्हणजे त्यांच्या वाडीला पहिल्यांदा धम्माच्या वाटेला नेणारा माणूस. शब्दाला पक्का. त्यांनी फडकं बोटाने बाहेर काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "सोनबा, ह्ये काय हाय?"

माझ्या वडिलांना माहीतच नव्हतं. ते मेढ उपटायला धावले, तेव्हा आईने तिला दोन्ही हातांनी मिठी मारली. पांगाऱ्याला काटे असतात. "नका वो काढू," ती म्हणत होती, "एक पोर गेली माजी. नका काढू."

सोमा म्हणाले, "म्होरं पंचशील आन् मागं मेढ. असल्या घरातली सून आमाला नको." माणसं समजवायला गेली. वडील हात जोडून बोलले, कुशाबा बोलला, वाडीतले चार जण बोलले, सोमांचा स्वतःचा भाऊदेखील बोलला. ज्याचं लग्न होतं तो एकटा बोलला नाही. मी आत आईच्या तळहातातले काटे सुईने काढत होते तेव्हा वरात परत गेली.

वडील आईशी पुढे कित्येक महिने बोलले नाहीत. मांडव सोडला, बांबू देऊन टाकले, मेढीला मात्र कोणी हात लावला नाही. जूनमध्ये पाऊस लागला आणि तिला पालवी फुटली. मी तिला कधी पाणी घातलं नाही. उपटलंही नाही. आई रोज दाराशी बसून तिच्याकडे बघायची आणि मी आईकडे बघायचं टाळायची. आई गेली तोवर झाड कौलांच्या वर गेलं होतं. पहिली फुलं आली ती आईने पाहिली नाहीत.

दुसरं स्थळ आलं नाही असं नाही. आलं की कोणीतरी झाड दाखवायचं. पुढे मीच स्थळं बंद केली. शाळेच्या पगारपत्रकावर शेवटपर्यंत 'कुमारी' लागत राहिलं; केस पांढरे झाले तरी कारकून इमानाने लिहायचे.

आता झाड केवढं आहे ते येऊन बघावं. होळीच्या आधी एक पान राहत नाही, नुसती फुलं. सकाळी मैना, बुलबुल, कोतवाल, कावळे असे काही जमतात की शाळा भरली असं वाटतं. मी निवृत्त झाल्यापासून या घरात माणसाचा आवाज दिवस-दिवस होत नाही. मला एकटं वाटतं. हे मृत्युपत्रात लिहायचं नसतं, पण झाड का राखायचं हे विचारणाऱ्याला दुसरं उत्तर माझ्याकडे नाही. त्याचं लाकूड कशाच्या कामाचं नाही. चुलीत घातलं तर नुसता धूर होतो.

कलम सहा : झाड कोणाला

हे कलम मी एकदा लिहून खोडलं आहे. खाडाखोड माझीच आहे, शेजारी सही केली आहे.

श्रीपत कासारे गिरण्यांच्या संपानंतर गावी परतले. बायको वारलेली, मुलगा कल्याणला. पोलादपूरच्या बाजाराला जाताना त्यांची वाट माझ्या दारावरून जाते. ते झाडाखाली थांबतात, विडी पेटवतात, जातात. असं काही वर्षं चाललं. आम्ही बोललो नाही. गेल्या महिन्यात मीच ओसरीवरून विचारलं, "विडी ओढायला सगळ्या रस्त्यात हेच झाड सापडतं का?"

ते दचकले. म्हणाले, "न्हाय, जरा सावली हाय म्हनून."

"या दिवसांत पांगाऱ्याला पान नसतं. सावली कुठली?"

त्यांनी वर पाहिलं. वर नुसती फुलं आणि आभाळ. मग ते खाली बघून हसले. इतक्या वर्षांनी मी त्यांना चहा दिला. त्यांनी झाडाच्या खोडाकडे पाठ करून तो प्यायला.

त्यानंतर मी ठरवलं की झाड आणि त्याच्या फांद्यांखाली येणारी जमीन श्रीपतना द्यावी. ते जवळ राहतात, ते तोडणार नाहीत. तसं कलम लिहिलं. जानेवारीत नीलाने मला एकदा विचारलं होतं, "आजी, तुला राग कुणाचा येतो गं?" मी म्हटलं, कुणाचाच नाही. ते खोटं होतं. सोमांचा येत नाही. ते जे मानत होते ते तसेच वागले. आईचा यायचा, तो ती असतानाच संपला. राग येतो तो गप्प उभ्या राहिलेल्या माणसाचा. त्यालाच झाड का देते आहे, हे मलाही धड सांगता आलं नसतं.

आज सकाळी सही करायला म्हणून येसाजींना बोलावलं, आणि श्रीपतनाही बोलावून कलम वाचून दाखवलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "झाड नको, बाई. ते तुमच्या आयेनं लावलंय. माजा काय हक्क? साक्षीला कोन कोन हाय?"

मी म्हटलं, "एक येसाजी. दुसरा ग्रामसेवक येणार आहे."

"त्याला कशाला? मी करतो सही."

मी त्यांना समजावलं, की वकिलांनी सांगितलं आहे, जो साक्षीदार म्हणून सही करील त्याला या कागदातून काहीही घेता येत नाही. दोन्हीतलं एकच होईल.

"मंग सहीच," ते म्हणाले. "मला घ्याचं कायच नाय."

येसाजी मध्येच म्हणाले, "आरं, फुकटचं झाड सोडतूस व्हय?" त्यांना मी गप्प बसवलं.

म्हणून आता लिहिते : अंगणातला मेढीचा पांगारा आणि त्याच्या फांद्यांखाली येणारी जमीन ही नीला महादू तांबे हिला, आणि एकट्या तिलाच, द्यावी. तिच्या बापाने किंवा होणाऱ्या नवऱ्याने त्यात सल्ला देऊ नये. नीलाने झाड तोडू नये ही माझी विनंती आहे. अट घालता येते असं वकील म्हणाले, पण अट घालून राखलेलं झाड मला नको. तिचा मांडव कुठे घालायचा ते तिने ठरवावं. मेढ रोवू नये. ती रीत आपण सोडली ती योग्यच सोडली. पण हे आता नुसतं झाड आहे, हे तिने लोकांना सांगावं. लोक म्हणजे कोण, हे तिला तिच्या बापापेक्षा लवकर समजेल.

कलम सात : माझ्या मागे

माझा अंत्यविधी साधा करावा. त्रिशरण, पंचशील म्हणावं आणि घरी जावं. रडायला कोणाला बोलावू नये. मे महिन्यात लग्न असेल आणि मी त्याआधी गेले तर लग्न पुढे ढकलू नये. सरणासाठी वखारीतून विकतची लाकडं आणावीत. अंगणातून काही घेऊ नये.

एवढं लिहून मी हा कागद पुरा करते. वाचून पाहिला आहे, मजकूर माझाच आहे, आणि मला तो बरोबर वाटतो. दोन्ही साक्षीदार माझ्या समोर बसलेले असताना मी सही करीत आहे आणि ते माझ्या समोर सही करीत आहेत.

स्थळ : खडपी, तालुका पोलादपूर
दिनांक : ९ मार्च १९८९

सही
सुंदरा सोनबा तांबे

साक्षीदार
१. येसाजी बाळाजी मालुसरे, राहणार खडपी. मृत्युपत्र करणार बाईंनी माझ्यादेखत सही केली. कुंपणाबद्दल लिहिलेलं मला मान्य नाही.

२. श्रीपत सोमा कासारे, राहणार उमरठ. बाईंनी माझ्यादेखत सही केली. साक्षीदाराने जे पाहिलं ते खरं लिहायचं असतं, म्हणून लिहितो. त्या दिवशी वरात मांडवात शिरली तेव्हा मेढ आणि तिचं पिवळं फडकं वडिलांच्या आधी मी पाहिलं होतं. मला त्याची काही अडचण नव्हती. मला लग्न करायचं होतं. हे मी त्या वेळी बोललो नाही, ते आज लिहून सही करतो.